डझनकाकूच्या पिकअपची चाकं

डझनकाकूला कुठलीही गोष्ट बाराच्या हिशेबातच मोजता येते. "अर्धा डझन हाका मारल्या, ओ नाही दिली." "पोरगी दोन डझनांची झाली, तरी कपाट उघडंच टाकते." बाईचं उभं आयुष्य अंड्यांत गेलेलं. दहाच्या पाढ्याशी तिचं कधी जमलंच नाही. नाव तिला गल्लीने दिलं आणि तिनेही ते बिनतक्रार पदराला बांधून घेतलं.

काम रोजचं. पोल्ट्रीवरून माल भरायचा आणि दुकानं, बेकऱ्या, खानावळी करत गावभर पोचवायचा. पूर्वी काका गाडी चालवायचे, काकू उतरून ट्रे पोचवायची. दोघं रस्ताभर भांडायची. वळण चुकलं यावर, काच खाली करायची की वर यावर, समोरचा सायकलवाला आपल्या ओळखीचा होता की नव्हता यावर. मग एका सकाळी ट्रेची चळत उचलताना काकांच्या पाठीत अशी चमक भरली की त्यांना फळीवर झोपवून घरी आणावं लागलं. धंदा तर थांबवता येत नव्हता. कोंबड्यांना काय, कुणाच्या पाठीचं सुतक नसतं. काकूने पन्नाशी उलटल्यावर स्टिअरिंग हातात घेतलं. पहिल्या महिन्यात दोन कुंपणं आणि एक पाटी आडवी करून ती चांगली तयार झाली.

काका बरे झाले. काही दिवस शेजारच्या सीटवर बसून गेलेसुद्धा. मग म्हणाले, "हिसके बसतात. जा तू." आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत रेडिओ घेऊन बसले ते बसलेच.

काकू कुणाला बोलून दाखवायची नाही, पण एकटीने फेरी करणं तिला अळणी वाटायचं. भांडायला माणूस नाही म्हणजे रस्ता सरता सरत नाही. म्हणून तिने जुनी व्हॅन विकून टाकली आणि पिकअप घेतली. ऐसपैस, मऊ सीटची. काका बाहेर आले, बॉनेटवर हात फिरवला, "चांगली आहे" म्हणाले आणि आत गेले.

त्यात जावयाने भर घातली. जावई तसा गुणी, पण गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून उंटावरचा शहाणा झालेला. पिकअप पुढून जरा वाकलेली, मागून उंच. मागे ओझं पडणार म्हणून कंपनीने ती तशीच बनवलेली. जावई म्हणाला, "आई, ही शिंकायला खाली वाकल्यासारखी दिसते," आणि पुढच्या स्प्रिंगांवर चकत्या घालून नाक दोन बोटं वर उचलून आणलं. आता गाडी एका पातळीत उभी राहिली, पण तिच्या अंगापुढे जुनी चाकं फारच लहान दिसायला लागली. थोराड माणसाने पोराच्या चपला घालाव्यात तशी.

"चाकं बदलावी लागणार," जावई म्हणाला. त्याला मनातून हेच हवं होतं.

"बदलू की," काकू म्हणाली. तिला मनातून वेगळंच हवं होतं. हिसके न देणारी चाकं मिळाली, तर तो खुर्चीतला माणूस उठून शेजारी येऊन बसेल, असं तिने धरून ठेवलं होतं.

रविवारी अंगणात टेप निघाली. जावई चाकाखाली डोकं घालून आकडे सांगत होता, काकू कमरेवर हात ठेवून उभी होती, काका व्हरांड्यातून बघत होते.

"आई, मोठी रिम घ्या आणि वर पातळ टायर. गाडीच्या अंगाबाहेर चार बोटं निघालेली. समोरून येणारा बाजूला होईल."

"समोरून कोण येतो? पाववाला. तो बाजूला झाला तर अंडी कुणाला देऊ?" काकू म्हणाली. "आणि पातळ टायर म्हणजे दगड न् दगड वर येणार. मला नको. माझ्या मालाचं काय?"

"माल, माल!" व्हरांड्यातून आवाज आला. "नाकापेक्षा मोती जड करू नका म्हणजे झालं."

"तुम्हाला कुठली आवडतात, सांगा ना," काकू लगेच वळली.

"मला काय विचारतेस? मी थोडाच बसणार आहे त्यात?"

काकूने तोंड फिरवलं आणि जावयावर उगाचच खेकसली, "उठा हो जावईबापू, पँट मळली!"

दुसऱ्या दिवशी सासू-जावई टायरवाल्याकडे गेले. टायरवाल्याचं दुकान म्हणजे काळ्या रबराचं जंगल. छतापर्यंत रचलेले टायर, मधून एक बोळ, बोळाच्या टोकाला हवेचा पंप धापा टाकत असलेला. टायरवाला स्वतः गोल, हसरा, आणि काहीही विकायला तयार.

काकू उतरली ती मांडीवरचा अंड्यांचा ट्रे सांभाळतच.

"हे काय, काकू? नाश्ता?"

"परीक्षा. तू चाकं लाव, मी मागे ट्रे मोकळा ठेवते आणि तुझ्या दुकानापुढच्या गतिरोधकावरून गाडी नेते. अंडी टिकली तर चाकं घेईन."

"आणि फुटली तर?"

"तर तू घेशील. भाजून खा."

आधी जावयाची निवड लागली. मोठ्या चकचकीत रिमा, त्यावर बोटभर रबर. गाडी दिसायला खरंच राजबिंडी दिसत होती. जावयाने फोटो काढले. काकू गतिरोधकावरून गेली आणि परत आली तेव्हा मागून पिवळा ओघळ येत होता.

"एक गेलं का?" जावयाने चाचरत विचारलं.

"एक राहिलंय," काकू म्हणाली.

मग टायरवाल्याने पोटातून हसत दुसरा जोड काढला. लहान पण बाहेर निघालेली रिम, त्यावर उंच, रुंद, गुबगुबीत टायर. बाजूची भिंतच वीतभर. "ही साइडवॉल जेवढी उंच, तेवढी गादी जाड," तो म्हणाला. नवा ट्रे ठेवून काकू गेली, आली. अंडी जागची हललीसुद्धा नव्हती. काकूचा चेहरा फुलला. पण आत वळताना तिने स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि पुढून असा 'खर्रर्र' आवाज आला की टायरवाला पंपामागे लपला.

"घासतंय!"

"सरळ उभी असताना घासत नव्हतं," टायरवाला म्हणाला.

"सरळ उभीच ठेवायची असती तर चाकं कशाला, विटा लावल्या असत्या!"

"आतलं थोडं प्लास्टिक कापलं की झालं. होतं असं. तुम्ही गाडी पुढून उचललीत, पण मडगार्डाची जागा थोडीच वाढली? वळताना रुंद टायर आत जाऊन टेकतो."

काकूचं लक्षच नव्हतं. ती शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. पायरीला हात लावला, मग तो हात तसाच उचलून स्वतःच्या मांडीशी नेला. पुन्हा पायरीशी, पुन्हा मांडीशी. मग पाय वर टाकून बघितला, खाली घेतला, आणि पाठ आखडल्यासारखी करून पुन्हा टाकून बघितला.

टायरवाला कपाळावर आठ्या घालून बघत होता. "काकू, अंड्यांना पाय कधीपासून फुटले?"

काकू दचकली. जावई हसू दाबत भिंतीकडे वळला. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार?

"उंच होतंय का, ते बघत होते," ती म्हणाली. "त्यांना चढायला." मग पटकन, "पण मऊ आहेत. ही लावूनच दे आजच्यापुरती. घरी दाखवून आणते."

गाडी अंगणात आली तेव्हा संध्याकाळचं ऊन होतं. काकूने दार उघडून धरलं आणि खाली लाकडी स्टूल ठेवलं.

"या बघू. बसून बघा. एक हिसका लागला तर माझं नाव बदला."

काका उठले. स्टुलाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "नको."

"अहो, गादीसारखी आहेत! आज अंडी—"

"मी अंडं आहे का?"

"अंडं बरं! ते ट्रेमध्ये ठेवलं की बसतं तरी!" काकूचा आवाज चढला. "गाडी घेतली, मऊ सीट बघून घेतली. चाकं शोधत दिवस घालवला. आणि यांचं आपलं नको! पाठीचं मी सगळं केलं की नाही?"

"पाठीचं काय घेऊन बसलीस?" काकाही चढले. "पाठ बरी आहे माझी. मला शेजारी बसायचं नाहीये!"

जावयाने टेप खिशात ठेवली.

काका स्टुलावर बसले, जरा खालच्या आवाजात बोलायला लागले. "चालवणाऱ्याला खड्डा लांबून दिसतो. तो कंबर आवळतो, पाय रोवतो, अंग आधीच तयार असतं. शेजारच्याला तो खड्डा नुसता येऊन आदळतो. गादी लाव नाहीतर ढग लाव. आणि..." त्यांनी रिकाम्या स्टिअरिंगकडे बघितलं. "एवढी वर्षं मी चालवली. आता लोकांपुढे मांडीवर हात ठेवून बसायचं?"

"म्हणजे तुम्हाला चालवायचीये?"

"मग काय!"

"डॉक्टर नको म्हणाले होते!"

"जड स्टिअरिंग नको म्हणाले होते. त्या व्हॅनचं स्टिअरिंग म्हणजे विहिरीचा रहाट होता. हिचं हलकं आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"किल्ली तुझ्या कमरेला."

"मागितली असती तर दिली नसती?"

"आपल्या घरच्या गाडीची किल्ली मागायची?" काका म्हणाले. "तू कधी विचारलंस का, चालवता का म्हणून?"

नवी गाडी आल्यापासून दोघं एकमेकांच्या विचारण्याची वाट बघत बसली होती. काकूने कमरेची किल्ली सोडली आणि पुढे केली. काकांनी ती घाईने घेतली, जणू काकूचं मन बदलेल.

ते स्टिअरिंगवर बसले. इंजिन सुरू केलं, स्टिअरिंग वळवायला गेले आणि थांबले. पुन्हा जोर लावला. कपाळावर शीर उठली.

"ही म्हैस आहे," ते म्हणाले. "परवा मी उभी गाडी चालू करून हिचं स्टिअरिंग फिरवून बघितलं होतं, एका बोटाने फिरत होतं."

"कधी बघितलंत?" काकू म्हणाली.

"तू दुपारी किल्ली उशाशी ठेवून झोपलीस तेव्हा."

जावयाने आता धीर केला. "बाबा, टायर रुंद आहेत ना, जमिनीला जास्त चिकटतात. आणि रिम बाहेर निघालेली असली की प्रत्येक खड्डा हातात येतो. दिसतं भारी, पण..." स्वतःच्या तोंडून हे निघतंय याचं त्यालाच वाईट वाटलं.

"मग अंगाबरोबरची हवीत," काका उतरून चाकांभोवती फिरत म्हणाले. "बाहेर नाही, आत नाही. उंची थोडी चालेल, रुंदी नको. वळताना घासता कामा नयेत. चला."

"आता?"

"दुकान उघडं आहे ना त्याचं?"

टायरवाल्याने काकांना बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "आले! इकडे सकाळपासून पायरी मोजणं चाललंय तुमच्यासाठी!" काका काकूकडे बघायला लागले. काकू टायर बघायला लागली.

या खेपेला अंडी कुणी काढली नाहीत. एक जोड चढवला की काका आत बसायचे, उभ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे, कान देऊन ऐकायचे, उतरून मान हलवायचे. शेवटी जुन्यापेक्षा एका मापाने उंच, रुंदीला जवळपास तेवढाच, भिंत बऱ्यापैकी जाड असा टायर ठरला. वळला तरी मडगार्डापासून सुटा राहिला. स्टिअरिंग तळहाताने फिरलं.

"रिम काळी द्या," काकू म्हणाली.

"सोनेरी," काका म्हणाले.

"अहो, आपण अंडी विकतो, वरात नेत नाही!"

"चालवणार कोण?"

जावई मधे पडला नाही. सासरी राहून तो एवढं शिकला होता. रिमा सोनेरी लागल्या. टायरवाला म्हणाला, काळ्या लावल्या असत्या तर धूळ कमी दिसली असती. काकू म्हणाली, "बघा, तोही तेच म्हणतोय." काकांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

सकाळी माल भरून गाडी निघाली. काकू शेजारी. पहिल्याच नाक्यावर तिचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबायला लागला. "हळू! ट्रक! अहो, ट्रक!"

"दिसतोय. उभा आहे तो."

मग पाण्याच्या टाकीजवळचा खड्डा आला. काका पाय रोवून तयार होते. काकू खिडकीतून कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी बघत होती. गाडी आदळली आणि तिची टाळू छताला लागता लागता राहिली.

"आई गं! सांगायचं तरी!"

काका नुसते तिच्याकडे बघून हसले.

"कळलं, कळलं," काकू कंबर चोळत म्हणाली. "पुढे बघा."

तेव्हापासून काका सांगायला लागले. बसचा कंडक्टर थांबे ओरडतो तशा आवाजात. "खड्डा, डावीकडे! गतिरोधक, मोठा! जोडखड्डा!" आणि काकू वरची कडी धरायची, कंबर आवळायची, पाय रोवायची. बेकरीपर्यंत तिला ते छान जमायला लागलं.

बेकरीपुढच्या गुळगुळीत सरळ रस्त्यावर काका एकदम ओरडले, "खड्डा! मोठ्ठा!"

काकूने दोन्ही हातांनी कडी पकडली, डोळे मिटले, श्वास रोखला. गाडी पाण्यावर चालल्यासारखी गेली. तिने एक डोळा उघडला, रस्ता बघितला, आणि चालवणाऱ्याच्या दंडावर असा फटका मारला की बेकरीवाला बाहेर येऊन बघायला लागला, गाडीत भांडण कसलं चाललंय ते.