एकच नमुना

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकताना मी एक पत्रक लिहिलं होतं: 'अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने स्वतःला विकलं आहे.' त्यावर सही मागायला मी विद्यापीठाच्या तळघरातल्या लॅबमध्ये एका मराठी काकांकडे गेलो. त्यांच्यासमोर बरणीत खोल समुद्रातला सी स्क्वर्ट नावाचा जीव होता. लांब देठावर पांढुरकी पिशवी, तिला दोन तोंडं.

"नवी प्रजाती?" मी विचारलं.

"चार वर्षं तसं वाटतंय."

"मग जाहीर करा की!"

"नमुना एकच आहे रे. देठ सगळ्यांचाच एवढा लांब, की या एकट्याचाच, कसं सांगू?"

मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझं पत्रक वाचलं. मी भांडणाच्या तयारीत होतो.

"प्रत्येक म्हणतोस. किती नमुने पाहिलेस?"

मी मोजलं. रूममेट, काका आणि मी. "तीन."

"माझ्यापेक्षा दोन जास्त," म्हणत त्यांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. सही केली नाही.

खोलीवर येऊन मी 'प्रत्येक' खोडून 'तिघांनी' लिहिलं. मग काकांना वगळलं. रूममेटबद्दल पुरावा नव्हता. शेवटी पत्रकात मी एकटाच उरलो, आणि एका नमुन्यावरून काही जाहीर करता येत नाही.