समोरच्या काकूंना विचारून घ्या

इंदूकाकूंनी माझे तीन सौदे मोडले.

काल पहाटे त्या गेल्या. झोपेतच.

बोरगाव मेघेच्या आमच्या भागात त्यांना सगळे ओळखायचे. जे ओळखत नव्हते त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मी घरं विकतो. लोक ब्रोकर म्हणतात. काकू दलाल म्हणायच्या. तोंडावर.

आपल्याकडे पार्टी घर बघते, मान हलवते आणि मग रस्ता ओलांडून समोरच्यांकडे जाते. पाणी कसं आहे, लोक कसे आहेत, ते विचारते. टाइल्स, वास्तू, लोनचं सगळं मी सांगतो. पण शब्द समोरच्यांचा चालतो.

ढोबळे सरांच्या घरासमोर इंदूकाकू राहायच्या.

सर रिटायर झालेले. बायको गेल्यावर एकटे. एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, तेव्हा अमरावतीच्या मुलीने फोनवर रडून सांगितलं, बाबा, आता इकडे या. सर तयार झाले, पण घर कुलूप लावून सोडायला नाही. बंद घरांचं काय होतं ते त्यांनी गल्लीतच पाहिलं होतं. दिवाळीनंतर किल्ली माझ्याकडे दिली.

पहिली पार्टी, बँकेतले साहेब. घर आवडलं. समोर गेले. काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"पाणी कसं आहे काकू?"

"आता काई तकलीफ नाई. चैत लागला का बोअर आटते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे.

दुसऱ्या पार्टीला त्यांनी मागची खोली झडीत गळते हेही सांगितलं.

तिसऱ्या पार्टीला वरून गणपतीचा मांडव. "याच गेटासमोर बसते. तितके दिवस झोप इसरा."

मग मी एकटाच गेलो.

"काकू, काऊन असं करून राह्यल्या तुम्ही?"

"काय केलं म्या?"

"सरांचं घर विकू देत नाही."

"विक ना बाप्पा. म्या काय तुया हात धरला?"

"मग थोडं गोड बोलत जा."

त्यांनी टोपली बाजूला सरकवली.

"तू रजिस्ट्री करशीन अन् जाशीन. सर जाईन अमरावतीले. तो माणूस मायासमोर राहीन. वैशाखात रिकामी बादली घेऊन उभा राहीन अन् मले म्हणन, काकू, तुमी त बोल्ल्या नाई. मंग काय सांगू त्याले?"

मी टोमणा मारला.

"सर जाऊ नये असं वाटते तुम्हाले. म्हणून चालू आहे हे."

वाटलं, चिडतील.

"वाटते त," त्या म्हणाल्या. "वाटन नाई त काय? रोज सकायी पेपर वाचून दाखोते मले. पण बोअर आटते, ते येगळं."

त्यानंतर मी पद्धत बदलली. पुढच्या पार्टीला आधी काकूंकडेच नेलं. जे मोडायचं ते आधीच मोडू दे.

देवळीचं जोडपं होतं. प्रणाली नर्स, नवरा एसटीत कंडक्टर. काकूंनी बोअर, गळती, मांडव, सगळं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. प्रणाली पायरीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली.

"मंग उन्हाळ्यात सर काय करते काकू?"

"माया मांगच्या विहिरीवून पाइप नेते. रस्त्यावून."

हे मला नवीन होतं.

प्रणालीचा हात थांबला.

"काकू, आमी बौद्ध हावो. आधीच सांगते. एका घराचं सारं ठरलं होतं, मंग त्याईले समजलं अन् फोनच उचलला नाई."

नवरा बुटांकडे बघत होता. मीही. मला त्यांचं आडनाव माहीत होतं. काकूंना काय सांगायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

काकूंनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"बरं केलं सांगतलं. म्या बी सारं सांगतलं." मग म्हणाल्या, "पाइप नवा घेजा. सराचा फाटला हाय."

बाहेर आल्यावर समोर जाऊन मी सरांना विचारलं, पाइपाचं मला का नाही सांगितलं?

"विहीर त्यांची आहे. मी घराबरोबर कशी विकू?"

मग काकूंना विचारलं, आधीच्या तिघांना का नाही सांगितलं?

"इचारलं कोनं?"

फाल्गुनात रजिस्ट्री झाली. सर गेले त्या दिवशी काकू बाहेर आल्या नाहीत. खिडकीतून म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करजा." इतकंच.

त्या उन्हाळ्यापासून रस्त्यावर हिरवा पाइप असायचा. गाडीवाले त्याच्यावरून हळू जायचे. काकूंची शुगर वाढली तेव्हा इन्सुलिन प्रणालीने दिलं. पेपर कंडक्टरसाहेब वाचून दाखवायचे, तिकीट फाडल्यासारखे भरभर. काकू ओरडायच्या, "हळू रे, मले कुठी उतरायचं हाय."

काल दुपारी सर अमरावतीहून आले. काठी टेकत. मुलगी येऊ देत नव्हती, तरी आले.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण देतात. काल ते प्रणालीकडून आलं. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी. काकूंचा मुलगा, सून, गावाकडचे नातेवाईक, सगळे जेवले. कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी मी सरांना स्टँडवर सोडायला निघालो होतो. प्रणाली गेटमध्ये आली.

"सर, या वेळेला कुठं जाता? थांबा इथंच. मागच्या खोलीत पलंग टाकला तुमच्यासाठी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीवरून त्यांची पिशवी काढून दिली.

काल सर त्याच घरात झोपले.

काकू, सौदा चांगला झाला.

निरोप.