सासऱ्यांच्या दोन तंगड्या

सासरे गेले त्याला पाच वर्षं झाली. त्यांच्यामागे त्यांची जुनी मोटरसायकल आणि सासूबाई, दोघी आमच्याकडे खरवईला राहायला आल्या. सासूबाई ठणठणीत होत्या. मोटरसायकल मात्र ब्रेक दाबला की पुढून इतकी खाली बसायची, की समोरच्याला वाटावं मी वाकून नमस्कार करतोय. एकदा एका रिक्षावाल्याने मला खरोखरच "सुखी राहा" असा आशीर्वाद दिला.

मी शाळेत इतिहास शिकवतो. बिघडलेल्या गोष्टी का बिघडल्या हे सांगणं माझं काम, त्या दुरुस्त करणं नव्हे. पण सासूबाईंच्या बहिणीच्या नातवाचं अंबरनाथला बारसं निघालं.

"रिक्षानं नाय जायाची मी," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांच्या मागं बसून सगल्या लग्नांना गेले. बारशालाही गाडीवरच जाईन."

"आई, गाडी पुढून बसते."

"मंग उठवा तिला."

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीकडे पाहून हात जोडले. "सर, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. एवढ्या जुन्या गाडीचं काम आता कोण करतो? शोपीस म्हणून ठेवा."

म्हणून एका रविवारी मी स्वतःच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाने घेऊन बसलो. हँडलपासून चाकापर्यंत दोन लांब पाइप येतात, त्यांच्या पोटात स्प्रिंग आणि तेल असतं. एवढं ज्ञान मला मोबाइलवरच्या व्हिडिओतून झालं होतं. सासूबाईंनी समोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि त्या पाइपांना पहिल्या मिनिटापासून तंगड्या म्हणायला सुरुवात केली.

इंजिनाखाली विटा रचल्या, चाक काढलं. व्हिडिओत बजावलं होतं की वरचं झाकण उघडताना स्प्रिंग उसळते, तेव्हा तोंड सांभाळा. मी बायकोचं भाताचं पातेलं डोक्यावर घातलं. झाकण उडालं ते बरोबर पातेल्यावर आपटलं आणि सगळ्या मजल्यांवरून माणसं डोकावली. बायकोही डोकावली. तिने मला ओळखलं नाही, पातेलं मात्र ओळखलं.

मग खालचा बोल्ट काढून तेल सोडलं. काळंकुट्ट, आणि वास असा की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "सुकट सडली हाय ह्याच्यात." एका पाइपातून वाटीभर तेल आलं, दुसऱ्यातून चमचाभर. रबरी सील फाटून बाकीचं केव्हाच गळून गेलं होतं. शिवाय फरशीवर लोळवला तर एक पाइप लंगडत होता, म्हणजे वाकलेला होता.

असली कामं होतात उल्हासनगरला, कॅम्प दोनला. मी दोन्ही पाइप सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले, मांडीवर आडवे घेतले आणि शेअर रिक्षात बसलो. शेजारी पिशवी घेतलेले एक आजोबा, त्यांच्या पलीकडे एक बाई. रिक्षा सुटते न सुटते तोच सासूबाईंचा फोन आला. हात अडकलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"जावयबापू, तंगड्या नीट धरल्यात ना?" त्या ओरडल्या. "वाकडी हाय तिला जपा. खाली तेल गलतंय का बगा."

"नाही आई, रात्रीच सगळं काढलंय."

फोन ठेवला. आजोबांनी लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाच्या आहेत?"

"सासऱ्यांच्या," मी म्हणालो.

"अरेरे. आता कुठे असतात ते?"

"ते वारले. पाच वर्षं झाली."

पलीकडच्या बाईने रिक्षा थांबवून उतरायची घाई केली. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काका, ये माल मेरे रिक्षा में नहीं चलेगा." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी घाईघाईने लुगडं सोडून पाइप दाखवले. बाई हुश्श करून पुन्हा टेकली. आजोबांचा मात्र चेहरा पडला. घरी सांगायला त्यांना काहीतरी मिळालं होतं, ते मी हिरावून घेतलं.

कॅम्प दोनच्या वर्कशॉपमधले सिंधी काका सत्तरीचे असावेत. त्यांनी काचेवर पाइप फिरवला, एक डोळा मिटून पाहिला, प्रेसखाली ठेवून थोडा दाबला, पुन्हा फिरवला. चार-पाच वेळा असं केल्यावर पाइप सरळ चालू लागला. एवढ्या जुन्या गाडीला बसणाऱ्या सीलही त्यांनी कुठल्याशा डब्यातून शोधून काढल्या.

"साईं, दो जोडी ले जाओ," ते म्हणाले.

"एकच पुरे. लागतात दोनच ना?"

"पहली बार कर रहे हो ना? दो जोडी ले जाओ."

मी घेतल्या, पण मनातून रागावून.

पुढच्या रविवारी जोडणी. पाइप पुसले, सील ठोकून बसवल्या. प्रत्येक पाइपात तेल मोजून ओतायचं होतं. मी एकात ओतलं, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, बारशाला चांदीचे वाळे न्यावेत की टोपडं? त्यावर आमची चर्चा झाली. चर्चेनंतर मी दुसऱ्या पाइपाचं तेल ओतलं. त्याच पाइपात.

गाडी उभी राहिली आणि पुढून अजिबात खाली बसेना. मला अभिमान वाटला. सासूबाईंना मागे घेऊन मी निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला फट् असा आवाज झाला, आम्ही दोघं सीटवरून वीतभर उडालो आणि माझी विजार गुडघ्यापर्यंत तेलाने भिजली.

"ह्यांच्या वेलेला असा नव्हता होत," मागून आवाज आला.

पाने पुन्हा बाहेर काढले तेव्हा खुर्ची रिकामी होती. सासूबाई पदर खोचून गाडीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. सीलची दुसरी जोडी कामाला आली. तेल त्यांनी स्वतः मोजलं, औषधाच्या छोट्या मापाने, मोठ्याने आकडे म्हणत, एक तंगडी झाली की तिच्यावर कुंकवाचं बोट लावून. मला बोलायची बंदी होती.

बारशाला आम्ही गाडीवरच गेलो. सगळे खड्डे त्या गाडीने गिळले. मला ब्रेक दाबायचा मोह आवरत नव्हता, नमस्कार होत नाही ना हे बघायला. अंबरनाथला पोचेपर्यंत सासूबाई माझ्या पाठीवर डोकं टेकून चक्क घोरत होत्या.

तिथे उतरल्यावर त्यांनी पाळण्याकडे जायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, "गाडी मी बनवली. जावय होता पाना द्यायला."

मी हसून मान डोलावली. काय करणार, खोटं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सासूबाईंचा भाचा, खाली त्याची डुगडुगणारी जुनी स्कूटर. मी चप्पल घालायला लागलो तर तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही राहू द्या. आत्या आहे का घरात?"