तटस्थ माणसाचा डबा

अख्ख्या आखातात खरा तटस्थ माणूस एकच होता आणि तो आमच्या डोक्यावर राहायचा, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. कुवेतच्या फिंतास भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ मूळचे नाशिकचे, तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनियर. आमची मुलं त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही काकाच म्हणू लागलो. भारत-पाकिस्तान सामन्यात ते दोन्हीकडच्या चौकारांना टाळ्या वाजवत. माझं नि बायकोचं भांडण वर ऐकू गेलं की खाली येत, दोघांचं शांतपणे ऐकत, "दोघांचंही बरोबर आहे," असा निकाल देत आणि चहा पिऊन निघून जात. मग आम्ही पहिल्यापासून भांडत असू.

तटस्थ देश महायुद्धात का ओढले जातात, हा त्यांचा आवडता विषय. समोर कुणी जेवायला बसलं की सुरुवात होई. दोन खुबूस रोट्या म्हणजे लढणारे देश, मधलं खजुराचं पाकीट म्हणजे तटस्थ. "अहो, मोठ्या युद्धात कारखाने लढतात. कारखान्याला माल लागतो. तटस्थ देश बिचारा दोघांना माल विकत बसलेला असतो. मग एकाची बंदरं अडवली जातात आणि सगळा माल आपोआप दुसऱ्याकडे जायला लागतो. पहिला चिडून याची जहाजं बुडवतो. हा म्हणतो, आमचा अपमान झाला! अपमान शेवटी येतो हो. ओढला तो केव्हाच गेलेला असतो." एवढं होईपर्यंत लढणारे देश भाजीबरोबर संपलेले असत.

काकांना जिवाभावाचा दोस्त एकच, सिंधुदुर्गातला एक फोरमन. नव्वद साली कुवेतमध्ये इराकी फौजा शिरल्या तेव्हा दोघं एकाच बसने वाळवंट तुडवत अम्मानला पोचले होते. वाटेत शेवटची बाटली त्यांनी झाकण झाकण पाणी वाटून संपवली. त्या प्रवासाबद्दल काका कधी सिद्धान्त मांडत नसत. "तो होता म्हणून आलो," एवढंच म्हणत.

पुढे सगळे परतले, मराठी मंडळ पुन्हा उभं राहिलं आणि उभं राहिल्याबरोबर फुटलं. कारण गणपतीतलं ऐतिहासिक नाटक. हॉल दहाला रिकामा करायचा म्हणून तिसरा अंक कापावा, असं पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांचं मत. नाटकाला कात्री लावण्यापेक्षा मान कापून देऊ, असं कोकणातल्या मंडळींचं. त्यांचा पुढारी अर्थातच फोरमन. एका नाटकाच्या दोन तालमी सुरू झाल्या, आणि दोन्ही काकांच्याच दिवाणखान्यात, एक दिवसाआड. काकांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, चकल्या दोन्ही फौजांना सारख्या मिळत. काका कृतार्थ होते.

तेवढ्यात फोरमनच्या कंपनीने कामगारांच्या कॅम्पचं फाटक संध्याकाळीच बंद करायला सुरुवात केली. कोकणची तालीम कॅम्पातच होऊ लागली. काकांकडे आता रोज इंजिनियरच. आधी त्यांचे नाटकाचे टोप काकांच्या फ्रिजवर आले, मग तलवारी पलंगाखाली, मग काका सहज प्रॉम्प्टिंग करू लागले. मी खजुराच्या पाकिटाची आठवण करून दिली तेव्हा ते मनापासून रागावले. तोल राखायचा म्हणून त्यांनी स्टीलचा डबाभर चकल्या कॅम्पात पाठवल्या.

डबा परत आला. आत वहिनींच्याच चार चकल्या.

"आपलंच आपल्याला परत!" काकांनी झाकण आपटलं. "नको तर नको म्हणायचं." त्या शुक्रवारी आखातातला एकमेव तटस्थ माणूस इंजिनियरांच्या नाटकात सेनापती होऊन, तलवार उपसून उभा राहिला. अभिनय भयंकर होता, राग मात्र खरा होता. त्यानंतर दोघं दोस्त कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मला याचं फार वाईट वाटे, पण मध्ये पडलो नाही. तटस्थतेची लागण मलाही झाली असावी.

दोन हजार तीनला शेजारी पुन्हा युद्ध पेटलं. भोंगे वाजू लागले, आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत बसलो. अशाच एका दुपारी फोरमन पिकअप घेऊन दारात हजर. "गाडी हाडलंय," तो काकांना म्हणाला. "जाऊचा झाला तर एकत्रच जाऊया."

जायची वेळ काही आली नाही. चहा मात्र झाला. वहिनींनी चकल्या पुढे केल्या आणि इतक्या वर्षांचं विचारून टाकलं, तेव्हा चकल्या परत का पाठवल्या? फोरमन गोंधळलाच.

"वहिनी, रिकामो डबो कसो देऊचो? कॅम्पात मेसचा जेवण, खोलयेत चिमूटभर साखर पण नाय. म्हणान तुमच्याच चार ठेवलंय. पोरां हात मारीत म्हणान लपवून ठेवलेलंय."

काकांनी एक चकली उचलून फोरमनच्या बशीत ठेवली. दोघांचंही बरोबर होतं, पण ते म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

पुढे वर्षा-दोन वर्षांत फोरमन कायमचा गावी गेला. विमानतळावर काकांनी तोच डबा चकल्यांनी भरून त्याच्या हातात दिला. डबा अजून आलेला नाही. फोनही हल्ली लागत नाही. वहिनींनी नवा डबा घ्यायचं काढलं की काका म्हणतात, "थांब गं. रिकामा कसा पाठवेल तो?"