मशीन बिघडलंय

आमच्या झोप तपासणी केंद्रात पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवणाऱ्या बाईंना सगळे वायरबाई म्हणतात. स्वभावही तसाच, हात लावाल तर झटका. नवरा सोडून गेला त्या दिवशी त्यांनी काय केलं, तर दुधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर टाकायला सांगितलं. आपल्याला कुणाची गरज लागत नाही, हे त्या इतक्यांदा ऐकवत की ऐकणाऱ्यालाच दमायला होई.

पेशंटना मात्र छान समजावत. "आपलं माणूस सोडून जाईल ही धास्ती मनात असली ना, की मेंदू झोपेतही अर्धा जागा राहतो. जरा माणसांवर विसंबायला शिका."

घरी लावायचं मशीन पेशंटला देण्याआधी त्या स्वतः एक रात्र लावून बघत. सकाळी आलेखात गाढ झोपेच्या संथ लाटांवर जागेपणाच्या बारीक लाटा हमखास चढलेल्या. बाईंचं निदान ठरलेलं: मशीन बिघडलंय. मेकॅनिक बिचारा दर वेळी ते उघडून बंद करायचा आणि बोलणी खायचा.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेली त्यांची थोरली बहीण राहायला आली. रोज माझ्या नोंदणीच्या टेबलाशी उभं राहून बाई मला तिच्या घोरण्याचं पुराण ऐकवत. "घोरते कसली, करवत चालवते! शनिवारी जाते एकदाची. सुटले!"

शुक्रवारी बाईंनी आदल्या रात्रीचा आलेख उघडला. लाटा अगदी स्वच्छ. त्यांनी ऐटीत मेकॅनिकला फोन लावला. "शेवटी केलंत ना दुरुस्त?"

"नाही हो बाई. या खेपेला मी उघडलंच नाही. तसंच परत पाठवलं."

बाईंनी फोन ठेवला. खापर फोडायला कुणी उरलं नव्हतं. मला त्यांचं वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

संध्याकाळी बहिणीचं सामान बांधायला मी त्यांच्या घरी गेले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ताई, मशीन परत बिघडलंय," वायरबाई दारातूनच म्हणाल्या. "तपासायला घरात कुणीतरी घोरणारं लागेल."

"किती दिवस?"

"मशीनचं काय सांगता येतं?"

ताईंनी हातातला गाऊन खाली ठेवला. "मला थांब म्हणायला तुला मशीन लागतं होय गं?"

वायरबाईंचे डोळे भरून आले.

"थांब ना," त्या म्हणाल्या. "आणि घोर हवं तेवढं."