मामांनी विणलेली जाळी

माझ्या चिंचणीच्या मामांइतकी पक्की नजर अख्ख्या पालघर जिल्ह्यात कुणाची नाही, असं खुद्द मामांचंच ठाम मत आहे. झाडावरचा चिकू खालूनच पाहून ‘उद्या काढ’ म्हणतात, आणि त्याच नजरेने म्हशी, जावई, बोईसरच्या कारखान्यातले साहेबसुद्धा तपासतात. माझ्या लग्नात भर मांडवात म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पोराचं काय सांगता येत नाय." पोर म्हणजे मी!

तर या मामांना शेजारच्या मच्छीमाराची पोर जागू सापडली. नववीतली, बुटकीशी, शाळेच्या मैदानात बास्केटबॉल खेळणारी. मामांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिने पाठोपाठ अकरा चेंडू कडीला न शिवता आत टाकलेले पाहिले नि गडी वेडाच झाला. "भाच्या, अशी पोर शंभर वर्सांत होत नाय!" दिसेल त्याला धरून हेच. पुण्याच्या क्रीडाशाळेच्या प्रशिक्षक बाई निवडीला येणार होत्या; मामांनी हट्टाने जागूचं नाव घालायला लावलं. निवड झाली तर वसतिगृह, शिक्षण, सगळं फुकट; नाही तर दहावीनंतर बोईसरला पॅकिंगच्या कामावर जायचं, हे तिच्या घरी ठरलेलंच होतं.

निवडीच्या दिवशी मामा भल्या पहाटे मैदानात. कडीची फाटकी जाळी काढून त्यांनी स्वतः विणलेली नवी टांगली. चिकू उतरवायच्या काठीला असते तशी, खालून घट्ट बंद! जन्मभर तसल्याच जाळ्या विणल्या, त्यांना बूड नसलेली जाळी फाटकीच वाटणार. जागूचा पहिलाच चेंडू आत गेला नि तिथेच बसला. पोरं हसून लोळली. बाईंनी तर वहीत आधीच ‘उंची कमी’ लिहिलेलं. मामांचा चेहरा उतरला. "वाटोळं केलं रे मी पोरीचं!" आम्ही काठी शोधायला धावलो. पण जागू थांबते कसली! चार पावलं धावली, उडी घेतली आणि खालून असा गुद्दा हाणला की चेंडू कडीवरून उसळून बाहेर! बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "परत मार बघू उडी!" जागूने सहा वेळा मारली, सहाही वेळा हात जाळीला पोचला. बाईंनी वहीतलं खोडलं. आहाहा! ओरडून ओरडून माझा घसा बसला.

गेल्या महिन्यात जागू पुण्याला गेली. एसटीपाशी तिची आई रडायला लागली, तर मामा तिच्यावरच डाफरले, "रडतेस काय? पोर खेलायला चालली हाय!" गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे. मी म्हटलं, "मामा, खूश ना?"

"खूश हाय रे. माज्याच हट्टानं गेली," ते म्हणाले. "पन आता सांजचं मैदानात जाऊन बघू कोनाला?"