दिव्याची दोनदा उघडझाप

बायको गाडी चालवत असली की मी शेजारी बसून तिचं डोकं खायचो. कॅनडात ती माझ्याआधी आली, कॉलेज केलं, नॉर्थ यॉर्कच्या एका ऑफिसात लागली आणि मग मी मागून आलो. गाडीही ती इथेच शिकली. मी तिला म्हणायचो, रस्त्यावर कुणाच्या दिव्याला भुलायचं नाही, डिपर मारणारा स्वतःसाठी मारतो. ती म्हणायची, "अहो, इथं तसं नसतं." मी म्हणायचो, माणसं इथून तिथून सारखीच. कोल्हापूर-मुंबई रस्त्यावर बारा वर्षं ट्रक चालवलेला माणूस मी, मला कोण शिकवणार?

पण माझी बारा वर्षं इथं कुणी विचारात घेतली नाहीत. आधी दोन वर्षं वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली, मग परत परीक्षा देऊन लायसन्स काढलं. त्यावरही ट्रक कंपनीनं महिनाभर ट्रेनरसोबत बसवलं. त्यानं कागदावर सही केली की मला एकट्याला ट्रक मिळणार होता. त्या सहीत माझा जीव अडकला होता. घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण बायकोच्या मागून आलेला नवरा हे मला रोज टोचायचं.

ट्रेनर म्हणजे एक वयस्कर सरदारजी. बोलणं कमी आणि आल्याचा चहा थर्मासमध्ये कायम. पहिल्याच दिवशी त्यांनी हिंदीत समजावलं. इथं ट्रकनं ट्रकला ओव्हरटेक करताना मागे पडणारा आपला वेग थोडा उतरवतो. पुढे जाणाऱ्याच्या ट्रेलरची शेपटी सुटून पुढे गेली की मागचा हेडलाइटची दोनदा उघडझाप करतो, म्हणजे आता बिनधास्त आत ये. एवढ्या लांब गाडीची शेपटी आरशात नीट कळत नाही, शेजारच्याला मात्र स्पष्ट दिसते. आत आलं की आपण मागचे दिवे दोनदा मिचकावून आभार मानायचे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे तर लग्नातलं मानपान झालं.

महिन्याच्या शेवटच्या फेरीची गोष्ट. फेब्रुवारीतली दुपार होती. सुपीरिअर तळ्याच्या वरच्या अंगानं जाणारा रस्ता, जायला एक लेन, यायला एक. पुढे ओंडके भरलेला ट्रक चढाला दमत चालला होता. चढ संपून सरळ रस्ता लागला, पिवळी रेघ तुटक झाली, समोर लांबपर्यंत काही नव्हतं. इथं रस्त्याच्या उजवीकडून चालवतात, म्हणून मी गाडी डावीकडे बाहेर काढली. इथल्या ट्रकना वेग बांधून दिलेला असतो, त्यामुळे मुसंडी मारून पुढे जाता येत नाही. आम्ही हळूहळू सरकत होतो. ओंडकेवाल्यानं वेग उतरवला. तेवढ्यात समोरून एक पिकअप दिसली.

आणि उजव्या आरशात दिवे चमकले. दोनदा.

मला सगळं सांगितलेलं होतं, पाठ होतं. पण जित्याची खोड! आमच्याकडे मागच्यानं असे दिवे मारले की त्याचा अर्थ, खबरदार, मध्ये घुसलास तर. माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेला. सुटलेली शेपटी पुन्हा मागे त्या ट्रकच्या बाजूला आली. पिकअप मोठी होत होती. आरशात पाहिलं तर ओंडकेवाला ब्रेक मारत उजवी चाकं रस्त्याकडेच्या बर्फात उतरवत होता. पुन्हा दिवे.

"तेरे लिए रुका है," सरदारजी अगदी हळू म्हणाले. "आ जा."

मी आत घेतली. पिकअप लांबलचक हॉर्न देत शेजारून गेली. आभाराचे दिवे द्यायचे राहिले, ते सरदारजींनी हात लांबवून दिले.

पुढच्या ट्रक स्टॉपवर आम्ही थांबलो. दहा मिनिटांत ओंडक्यांचा ट्रकही आत आला आणि त्यातून साठीची एक बुटकी बाई उतरली. शिव्या खायची तयारी ठेवून मी समोर गेलो. सॉरी म्हटलं.

"माझे दिवे दिसले नाहीत का?" तिनं विचारलं.

"दिसले."

"मग?"

सबब सांगायला तेवढं इंग्रजी जवळ नव्हतं, म्हणून खरं तेच बोललो. "विश्वास बसला नाही."

तिनं चष्मा पुसला. मग म्हणाली, "एवढे ओंडके घेऊन मी बर्फात उतरले होते. आणखी काय करायला हवं होतं?"

रागानं नाही, खरंच विचारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कॉफी घेऊन निघून गेली.

टेबलावर सरदारजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. म्हणाले, महिन्यात एक चूक झाली, सगळ्यांची होते. महिनाभर ज्याची वाट पाहिली तो कागद समोर होता. मी त्यावर हात ठेवला. "नहीं पाजी, एक चक्कर और आपके साथ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन बंद करून चहा ओतला.

बायकोचा फोन आला. तिनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता.

"झाली का सही?"

"नाही. मीच नको म्हटलं."

मग सगळं सांगितलं, त्या बाईच्या प्रश्नासकट. पलीकडे उलथनं थांबलं.

"दोन वर्षं माझं डोकं खाल्लंत," ती म्हणाली, "कुणाच्या दिव्याला भुलू नको म्हणून. आता मी कुणाचं ऐकू?"

"त्या बाईचं," मी म्हणालो.